नववीला व्हिडिओ गेम हाच विषय शिकवायचा आहे: आठ तासिकांत काय घ्यावं?

वर्ग_नऊ_ब

दुसऱ्या सत्रात नववीच्या एका तुकडीसाठी आठ मोकळ्या तासिका मिळताहेत, प्रत्येकी ३५ मिनिटांच्या. विषय मुलांनीच सुचवलाय: व्हिडिओ गेम.

मला ‘गेममधून गणित’ नकोय. ते गुळाच्या खड्यात गोळी दडवण्यासारखं होतं. मुलं गूळ चाटतात आणि गोळी थुंकतात. गेम हाच अभ्यासाचा विषय हवा. तो आतून कसा चालतो, आपल्याकडून काय करून घेतो, कोणी कशासाठी बनवला, एवढं हाताला लागलं तरी पुरे.

परिस्थिती अशी: मुलं ४६. लॅबमध्ये चालू संगणक १०, सगळ्यांवर विंडोज ७ आणि ४ जीबी रॅम. इंटरनेट असून नसल्यासारखं. प्रोजेक्टर एक. मोबाइल वर्गात आणता येणार नाही. काही मुलं रोज तासन्‌तास खेळणारी, तर काहींनी (त्यात मुली जास्त) गेमला हातही लावलेला नाही.

तीन प्रश्न आहेत. कोणते गेम निवडावेत? गुण कशाला द्यावेत? आणि ‘शाळेत गेम शिकवतात’ म्हणून येणाऱ्या पालकांना काय सांगावं?

---

आलेखवही

पॅक-मॅन घ्या. चक्रव्यूहात ठिपके खात फिरायचं आणि मागे लागलेल्या चार भुतांना चुकवायचं, असा गेम. १९८० चा, जपानच्या नामको कंपनीचा, तोरू इवातानी यांनी रचलेला. जुना आहे म्हणून सुचवत नाही. त्यातल्या चार भुतांचे नियम इतके थोडे आणि इतके नेमके आहेत की नववीचं पोर पेन्सिलीने तपासू शकतं. शिवाय पहिले दोन तास संगणक लागतच नाही, आलेखवही पुरते.

प्रत्येक भूत दर क्षणी एका ‘लक्ष्य घराकडे’ निघालेलं असतं. फरक एवढाच की लक्ष्य घर कोणतं, हे प्रत्येकाचं वेगळं.

लाल भूत: पॅक-मॅन ज्या घरात आहे तेच घर.
गुलाबी: पॅक-मॅनचं तोंड ज्या दिशेला, त्या दिशेला चार घरं पुढे.
निळं: पॅक-मॅनच्या दोन घरं पुढचा बिंदू घ्यायचा, लाल भुतापासून त्या बिंदूपर्यंत रेघ काढायची आणि ती तेवढीच पुढे वाढवायची.
नारिंगी: पॅक-मॅन आठ घरांपेक्षा लांब असेल तर लालसारखं वागायचं, जवळ आला की आपल्या कोपऱ्याकडे पळायचं.

फळ्यावर हे उदाहरण घ्या. पॅक-मॅन (१४, ८) वर, तोंड उजवीकडे. लाल भूत (१२, ११) वर. गुलाबीचं लक्ष्य (१८, ८). निळ्यासाठी आधी दोन घरं पुढचा बिंदू (१६, ८). लालपासून तिथवर ४ उजवीकडे आणि ३ खाली. तेवढंच पुन्हा गेलं की (२०, ५). नारिंगी (५, ४) वर असेल तर फरक ९ आणि ४, वर्गांची बेरीज ८१ + १६ = ९७. आठचा वर्ग ६४, म्हणजे ते लांब आहे, पाठलाग करणार. तेच (९, ४) वर असेल तर २५ + १६ = ४१, म्हणजे पळणार. वर्गमूळ काढायची गरजच नाही, वर्गांची तुलना पुरते. अंतराचं सूत्र दहावीत येतं, पण पायथागोरस मुलांना माहीत असतो.

आता भूत वळतं कसं? नाक्यावर आल्यावर ते समोरच्या प्रत्येक मोकळ्या घरापासून लक्ष्यापर्यंतचं सरळ अंतर बघतं आणि सर्वांत कमी अंतराचं घर निवडतं. मागे फिरायला मनाई. वरचंच लाल भूत वरून खाली येतंय असं धरा: उजवीकडचं घर (१३, ११) घेतलं तर १ + ९ = १०, खालचं (१२, १०) घेतलं तर ४ + ४ = ८, डावीकडचं (११, ११) घेतलं तर ९ + ९ = १८. खाली जाणार. अंतरं सारखी आली तर वर, डावीकडे, खाली, उजवीकडे असा पसंतीक्रम ठरलेला आहे.

इथे वर्गात एक प्रश्न हमखास येतो: ‘मध्ये भिंत असली तर?’ उत्तर: भूत भिंत बघतच नाही. पुढचं एकच पाऊल तोलतं, म्हणून लांबच्या वाटेला लागतं आणि म्हणूनच आपण सुटतो. हा प्रश्न आला की अर्धा तास सार्थकी लागला समजा. भूत ‘हुशार’ वाटतं ते चार साध्या नियमांच्या मिश्रणातून. एक मागून, एक पुढून, एक तिरकं आणि एक बेभरवशाचं.

गुणांचा हिशेबही मुलांकडूनच करून घ्या. एका फेरीत २४० ठिपके प्रत्येकी १० चे आणि ४ मोठ्या गोळ्या प्रत्येकी ५० च्या: २४०० + २०० = २६००. मोठी गोळी खाल्ली की थोडा वेळ उलट भुतंच खाता येतात. एका गोळीवर चारही खाल्ली तर २०० + ४०० + ८०० + १६०० = ३०००; चार गोळ्यांचे १२,०००. म्हणजे गुपचूप ठिपके खाणाऱ्याला २६०० आणि भुतांना अंगावर घेणाऱ्याला त्याच्या चौपटीहून जास्त. गेमला आपल्याकडून काय हवंय ते गुणांच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. हे एकदा दिसलं की मुलं घरच्या गेमचा तक्ताही त्याच नजरेने वाचतात.

वेळ उरला तर २५६ वी पातळी दाखवा. तिथे पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या खिचडीने भरतो आणि पुढे जाता येत नाही. फळांची चित्रं काढणारा भाग २५५ मध्ये १ मिळवतो, ८ बिटांत ते ० होतं, आणि तो जास्तीत जास्त सात फळांऐवजी २५६ काढत सुटतो. द्विमान पद्धतीला याहून चांगलं उदाहरण फळ्यावर सापडायचं नाही.

---

वर्ग_नऊ_ब

हे आलेखवहीत झालं, पण मुलांना उठवून करायचं तर? पटांगण आहे. भुतं झालेली मुलं नियम विसरून धावत सुटतील ही भीती वाटते.

---

फक्कीवाला

सुटणारच. आट्यापाट्या, लंगडी खेळलेल्या पायांना ‘पुढचं एकच घर बघ’ हे पटत नाही. त्यासाठी तीन गोष्टी करा.

फक्कीने १२ × १२ घरांचं मैदान आखा, घर दीड फुटाचं, म्हणजे बाजू १८ फूट. रांगोळी वापरू नका, पहिल्याच फेरीत पायांखाली पुसली जाते. भिंतींच्या घरांत विटेचे तुकडे किंवा दप्तरं ठेवा, साधारण ३० घरं पुरतात. दोन्ही अक्षांवर ० ते ११ आकडे लिहा. मैदान लहान आहे म्हणून नियमही लहान करा: गुलाबीचे चारऐवजी तीन, निळ्याचे दोनऐवजी एक, नारिंगीचे आठऐवजी चार. लक्ष्य मैदानाबाहेर गेलं तरी चालतं. ते फक्त मोजायचं असतं, तिथे उभं राहायचं नसतं.

दुसरं म्हणजे शिट्टी. एका शिट्टीला पॅक-मॅन एक घर, पुढच्या शिट्टीला चारही भुतं एक-एक घर. दोन शिट्ट्यांमध्ये २० सेकंद.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं: भूत स्वतः निर्णय घेत नाही. प्रत्येक भुताच्या मागे मैदानाबाहेर दोन हिशेबनीस वही घेऊन बसतात, ते ‘खाली’ म्हणाले की भूत खाली सरकतं. भूत झालेल्याने बोलायचंही नाही. एका डावात पाच खेळाडू, आठ हिशेबनीस, एक शिट्टीवाला आणि एक पंच धरून १५ मुलं लागतात. ४६ चे तीन गट आरामात होतात. मैदान एकच असेल तर बाकीचे दोन गट बाजूला बसून पुढच्या पावलाचा अंदाज लिहितात.

नेहमीची फसगत: दहाएक शिट्ट्यांनंतर चारही भुतं एका रांगेत पॅक-मॅनच्या मागे लागलेली दिसतात. कारण बहुतेक वेळा हे की हिशेबनीस सगळ्यांसाठी पॅक-मॅनचंच घर मोजताहेत. दुसरं कारण, कोणीतरी मागे फिरलंय. वह्या तपासल्या की चूक कोणत्या शिट्टीला झाली ते सापडतं. हीच दुरुस्ती पुढे संगणकावर करायची असते, नाव तेवढं बदलतं.

आणि हो, त्याच मैदानाशेजारी आट्यापाट्यांचं मैदान आखलेलं असेल तर तेही दाखवा. पाटीवरचा गडी आपली पाटी सोडत नाही, सूर मात्र मधल्या उभ्या पाटीवरून धावतो. तिथेही नियम वेगवेगळे आहेत म्हणूनच बचाव जमतो. ही तुलना मुलं स्वतःहून करतात, आपण फक्त वाट मोकळी ठेवायची.

---

कॅसेट_फुंकर

संगणकाच्या तासांसाठी स्क्रॅच घ्या, त्यात आज्ञांचे ठोकळे जोडून गेम बनवता येतो. विंडोज ७ वर स्क्रॅच ३ बसणार नाही, त्याला विंडोज १० लागतं. स्क्रॅच १.४ बसवा. हलकं आहे, इंटरनेट लागत नाही, पेन ड्राइव्हवरून एकदा टाकलं की झालं. एक सावधानता: १.४ मध्ये केलेलं काम स्क्रॅच ३ मध्ये उघडतं, उलटं होत नाही. ज्यांच्या घरी नवा संगणक आहे ती मुलं घरून फाइल आणतील आणि ती लॅबमध्ये उघडणार नाही. आधीच सांगून ठेवा.

बनवायचं काय? चेंडू आणि फळी. १९७२ चा अटारीचा पाँग दोन फळ्यांचा होता, आपण एकच घेऊ, खाली आडवी. पाँगच्या मूळ यंत्रात प्रोग्रॅम नव्हताच, मायक्रोप्रोसेसरही नव्हता. सगळं काम लॉजिकच्या चिपा जोडून केलेलं. हे सांगितलं की ‘गेम म्हणजे ॲप’ ही समजूत ढिली होते.

स्क्रॅचचा रंगमंच ४८० × ३६० चा, मध्य (०, ०). एक्स –२४० ते २४०, वाय –१८० ते १८०. म्हणजे चार चरण आयते मिळाले. फळी वाय = –१४० वर, जाडी १०. चेंडूचा व्यास २०. फळीचा एक्स माउसच्या एक्सइतका ठेवायचा. चेंडूच्या ‘कायम’ (फॉरेव्हर) ठोकळ्यात, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या, क्रम असा हवा: ८ पावलं पुढे, फळीला लागला का, खाली गेला का, काठाला उसळ.

हा क्रमच सगळ्यात जास्त चुकतो. ‘इफ ऑन एज बाउन्स’ (काठाला उसळ) आधी ठेवलं आणि तळाची सीमा –१७० च्या खाली नेली, तर चेंडू तळाच्या काठावरूनही उसळतो आणि हरणं बंद होतं. तळाची तपासणी (वाय –१६० पेक्षा कमी) उसळीच्या आधी यायला हवी.

दिशेचं गणित नीट समजावा. स्क्रॅचमध्ये वर म्हणजे ०, उजवीकडे ९०, खाली १८०, डावीकडे –९०. पुस्तकातला कोन उजवीकडून मोजतात, इथे वरून आणि घड्याळाच्या दिशेने. आडव्या फळीवरून उसळताना नवी दिशा = १८० – जुनी दिशा. उभी फळी असेल तर नवी दिशा = ० – जुनी दिशा. सूत्र सांगू नका. १३५ ने आलेला चेंडू ४५ ने जातो हे आरशासारखं काढून दाखवा, सूत्र मुलं काढतील.

आता दोन बिघाड, जे दहापैकी सात-आठ संगणकांवर होणारच.

पहिला: चेंडू फळीत अडकून थरथरतो. मुलं मजा म्हणून उसळीत यादृच्छिक कोन मिसळतात. चेंडू उभा आत येतो, आडवा बाहेर निघतो, त्यामुळे पुढच्या फेरीलाही तो फळीला चिकटलेलाच असतो. दिशा पुन्हा उलटते, मग पुन्हा. उपाय: उसळी दिल्यावर लगेच चेंडूचा वाय –१२० करा, म्हणजे तो फळीच्या वर सुटा होतो. हुशार गटाला दुसरा उपाय शोधू द्या: दिशेचं केवलमूल्य ९० पेक्षा जास्त असेल, म्हणजे चेंडू खाली येत असेल, तेव्हाच उलटवायची.

दुसरा: वेग वाढवला की चेंडू फळीतून आरपार जातो. तो सरकत नसतो, उड्या मारत असतो. एका उडीत चेंडूचा व्यास आणि फळीची जाडी मिळून होते त्याहून जास्त अंतर गेला तर फळीला स्पर्श न होताच पलीकडे पोचू शकतो. इथे २० + १० = ३०. कोणी चेंडू ८ चा आणि फळी ६ ची केली तर १५ वेगालाच गळती सुरू. ‘का गळतो?’ एवढा एकच प्रश्न टाकून दहा मिनिटं गप्प बसा.

बिघाडातून गंमतही निघते, हेही सांगता येईल. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये ११ च्या ५ रांगा, ५५ शत्रू. जसे मरतात तसा उरलेल्यांचा वेग वाढतो. कारण यंत्राला काढायची चित्रं कमी उरतात. निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी तो वेग तसाच राहू दिला, आणि खेळाचा जीव त्यातच आहे.

---

शेंगदाणा

संभाव्यता दहावीत आहे, पण ही एक तासिका नववीलाच घ्या. ज्या मुलांकडे फोन आहे त्यांचे पैसे इथेच जातात.

गेममधल्या बक्षिसाच्या पेट्या: उघडल्यावर काय निघेल ते आधी कळत नाही. पिशवीत २० मणी, १९ पांढरे, १ लाल. चिठ्ठ्या नकोत, घडीवरून ओळखू येतात. प्रत्येकाने एक मणी काढायचा, नोंदवायचा, परत टाकायचा, पिशवी हलवायची. प्रत्येकाला २० संधी. सुरू करण्याआधी विचारा: वीसमध्ये एक आहे आणि वीस वेळा काढायचंय, तर लाल मणी किती जणांना मिळेल? बहुतेक हात ‘सगळ्यांना’ म्हणून वर जातात.

एकदाही लाल न येण्याची शक्यता ०.९५ चा २० वा घात, सुमारे ०.३६. म्हणजे ४६ पैकी साधारण १६-१७ जण रिकाम्या हाताने बसतात. ४० वेळा काढलं तरी ६ जण रिकामेच. निम्म्याहून जास्त खात्री हवी तर १४ वेळा काढावं लागतं. प्रत्येक वेळेला १० रुपये धरले तर कोणाचे किती गेले ते फळ्यावर मांडा. खरे पैसे अजिबात नकोत, चिंचोकेही नकोत. फक्त आकडे.

वेळेचं गणित: ४६ मुलं गुणिले २० म्हणजे ९२० काढण्या. एका पिशवीने दिवस जाईल. १२ पिशव्या करा, चौघांत एक, तेव्हा २० मिनिटांत उरकतं. मणी सारख्याच आकाराचे हवेत. लाल मणी जरा मोठा असला की बोटांना कळतो आणि सगळ्या वर्गाला लॉटरी लागते.

मग दुसरी फेरी: काढलेला मणी परत टाकायचा नाही. आता वीस संधींत लाल मिळणारच. टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे तुकडे रचायचा गेम, त्याच्या नव्या आवृत्त्यांत हीच युक्ती आहे: सातही आकार एका पिशवीत, पिशवी संपेपर्यंत परत टाकत नाहीत. म्हणून दोन उभ्या दांड्यांच्या मध्ये जास्तीत जास्त १२ इतर तुकडे येतात. पिशवी नसती तर सलग १२ तुकड्यांत दांडी न येण्याची शक्यता सुमारे १६ टक्के, म्हणजे लांब दुष्काळ वरचेवर. ‘नशीब’ सुद्धा कोणीतरी बसून रचलेलं असतं.

याच तासाला कायद्याचे दोन शब्द. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते कौशल्याचे म्हणवोत की नशिबाचे. ई-स्पोर्ट्स आणि शैक्षणिक खेळ वेगळे काढलेत. पालकांना सांगायला हा फरक कामी येतो.

---

काना_मात्रा

सगळं गणितात चाललंय, म्हणून मध्ये पडते. गेम हा वाचायचा मजकूरही आहे. नियम म्हणजे विधानं असतात.

इतिहासासाठी ‘ओरेगॉन ट्रेल’ची गोष्ट सांगा, गाड्यांतून अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या स्थलांतरितांच्या प्रवासाचा खेळ. १९७१, अमेरिकेतलं मिनियापोलिस. डॉन रॉविच हा विद्यार्थी-शिक्षक आठवीला इतिहास शिकवत होता. त्याने बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर या दोघा मित्रांच्या मदतीने हा खेळ रचला. पडदा नव्हताच, टेलिप्रिंटरवर कागदावर छापून यायचं. पुढे त्याने संकटांची शक्यता त्या काळातल्या प्रवाशांच्या दैनंदिनी वाचून बदलली: किती वेळा आजार, किती वेळा वादळ. म्हणजे आकड्यामागे साधन होतं. त्याच वेळी हा खेळ गोऱ्या स्थलांतरितांच्या बाजूनेच खेळता येत होता. ज्यांच्या जमिनीवरून गाड्या गेल्या त्यांच्या बाजूने नाही. दोन्ही गोष्टी मुलांसमोर ठेवा.

मग मुलांकडून कागदी खेळ करून घ्या: १९७२ चा दुष्काळ. एका घरात पाच माणसं, एक बैलजोडी, दर फेरी म्हणजे एक आठवडा. निर्णय तीनच: रोजगार हमीच्या कामावर कोण जाणार, बैल ठेवायचे की विकायचे, गाव सोडायचं का. आकडे आपण ठोकून द्यायचे नाहीत. मजुरी किती, पाणी किती लांब, सुकडी कधी मिळाली, हे मुलांनी घरच्या किंवा गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आणायचं, आणि प्रत्येक आकड्यापुढे कोणाकडून कळलं ते लिहायचं. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर दोन्ही ठेवायचे.

इथे जपायचं ते असं: या खेळात ‘जिंकणं’ ठेवू नका. गुण ठेवले की पोरं तिसऱ्या फेरीत बैल विकून ‘हाय स्कोअर’ करतात आणि ज्या आजीने सांगितलं तिचीच थट्टा होते. शेवटी फक्त घरात काय उरलं ते लिहायचं. पोलंडमध्ये २०२० साली ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा वेढ्यात सापडलेल्या सामान्य माणसांचा गेम शाळांच्या पूरक वाचनयादीत घेतला. तिथेही खेळायचं असतं ते तगून राहण्यासाठी. तो गेम मात्र प्रौढांसाठीचा आहे. नववीला दाखवू नका, फक्त सांगा.

मोक्षपटाचीही आठवण काढा. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडलेला हा पट. घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावं, शिडीने वर, सापाने खाली. साप-शिडी झाल्यावर ती नावं गळाली आणि उरले फक्त आकडे. पट तोच राहिला, पण सांगणं हरवलं. मुलांना विचारा: नियम एकही न बदलता अर्थ बदलला, तो कसा? आजच्या मराठी मातीतलं हवं असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा ‘राजी’ हा गेम, २०२० चा. पाच मिनिटांची चित्रफीत प्रोजेक्टरवर पुरे.

---

चौथा_बाक

सगळं छान आहे, पण आठ तासिकांत हे मावत नाही. निम्मं सोडा.

गटांचं म्हणाल तर १० संगणकांना ४६ मुलं म्हणजे चार-पाच जणांत एक. मोकळं सोडलं तर रोज खेळणारा मुलगा कीबोर्ड धरतो आणि बाकीचे बघे होतात. भूमिका वाटा: एक चालवणारा, एक सांगणारा, एक नोंद करणारा, एक शंका काढणारा, पाचवा असेल तर दुसरा नोंदवाला. चालवणाऱ्याने सांगितल्याशिवाय काही करायचं नाही. दर ७ मिनिटांनी फिरवा. ५ मिनिटं सुरुवातीला, २८ मिनिटं चार फेऱ्यांना, २ मिनिटं काम साठवायला. त्या शेवटच्या दोन मिनिटांवर पाणी सोडू नका. मधली सुट्टी झाली की लॅबची वीज बंद करणारा शिपाई वाट बघत नाही.

ज्यांनी कधी गेम खेळला नाही ती मुलं नियम लिहिण्यात उजवी ठरतात, कारण त्यांना काहीच ‘माहीतच असतं’ असं नसतं. रोज खेळणारा लिहितो, ‘भूत आलं की पळायचं.’ न खेळलेली मुलगी लिहिते, ‘भूत शेजारच्या घरात आलं तर...’

गुण: खेळता किती येतं याला शून्य. २० गुण असे: नियम नेमके लिहिणं ६, ‘एक नियम बदलला तर काय होईल’ याचा कारणासह अंदाज ५, दहा डावांच्या नोंदी ५, अंदाज चुकला असेल तर तो का चुकला हे लिहिणं ४. अंदाज चुकल्याचे गुण कापू नका, नाहीतर मुलं नोंदी अंदाजाला जुळवून लिहितात. नियमपत्रक तपासायचा खरा मार्ग म्हणजे ते दुसऱ्या गटाला देणं. त्यांनी न विचारता खेळून दाखवावं. जिथे अडले तिथे लाल खूण.

पालकांना पत्र चार ओळींचं: आठपैकी तीनच तास संगणकावर, घरी गेम खेळायचा अभ्यास नाही, कोणतंही ॲप घ्यायचं नाही, बक्षिसाच्या पेट्यांचा तास आहे, त्याला येऊन बसलात तरी चालेल. ‘व्यसन’ हा शब्द पत्रात घालू नका. तो आपण लिहिला की चर्चा तिथेच अडकते.

---

वर्ग_नऊ_ब

खूपच नेमकं मिळालं. मांडणी अशी करतोय: पहिला तास आलेखवहीत भुतं, दुसरा पटांगणावर, तिसरा मणी, चौथा ते सहावा स्क्रॅच, सातवा नियमपत्रकांची अदलाबदल, आठवा काहींच्या बदललेल्या नियमांची मांडणी. दुष्काळाचा खेळ इतिहासाच्या बाईंकडे सोपवतो, त्याला वेगळे चार तास हवेत. पावसाने पटांगण गेलं तर?

---

आलेखवही

पाऊस आला तर पुठ्ठा. टेट्रिसचे आकार चार-चार चौरसांचे. उलटवायची मुभा दिली तर एकूण पाचच होतात: दांडी, चौकोन, टी, एल आणि झेड. पाच गुणिले चार म्हणजे २० चौरस. ४ × ५ चा आयत देऊन सांगा, भरा. वीस मिनिटं झटापट होऊ द्या, भरणार नाही. मग आयत बुद्धिबळाच्या पटासारखा रंगवा: १० काळी, १० पांढरी घरं. चार आकार प्रत्येकी २ काळी, २ पांढरी झाकतात. टी मात्र ३ आणि १. बेरीज ११ आणि ९, जुळणारच नाही. दोन संच दिले तर ५ × ८ भरतो, पण ते त्यांना शोधू द्या. चौरस २ सेंटिमीटरचा ठेवा. त्याहून लहान केला तर तुकडे हरवतात.

आणि पटांगणाच्या तासाला एक दुरुस्ती. मूळ गेममध्ये पॅक-मॅनचं तोंड वर असताना गुलाबीचं लक्ष्य चार घरं वर आणि चार घरं डावीकडे असं येतं. तो बेरजेतला दोष आहे, नियम नाही. प्रोजेक्टरवर मूळ गेम दाखवलात तर एखादं पोर वहीशी ताडून ‘सर, तुमचं चुकलं’ म्हणेल. त्याला गुण द्या आणि तो दोष पुढच्या गटाकडून शोधून घ्या.